पुस्तकाचा विटाळ मानू नका!



धम्मदीक्षा घेतल्यावर आपल्या घरांतील देव्हारे उठले, देवांचे टाक खाली उतरले, गंडेदोरे तुटले. त्या जागी भगवान बुद्धांची व बाबासाहेबांची प्रतिमा आली आणि प्रतिमेशेजारी पुस्तकांची एक फळी आली. ज्यांच्या वाडवडिलांस अक्षराच्या वाऱ्यासही उभे राहू दिले नाही, त्यांच्या घरात ही फळी यावी यापरती धर्मांतराची मोठी खूण आम्हांस दिसत नाही. परंतु आता ह्या फळीवरूनच घराघरांत एक तंटा उभा राहू लागला आहे. रत्नागिरी, चिपळूण, दापोलीच्या कॉलेजात शिकणारा मुलगा हिटलरच्या आत्मचरित्राचे मराठी भाषांतर घरी आणतो आणि बापाच्या पोटात गोळा उठतो. तो विचारतो, असल्या नराधमाचे पुस्तक बौद्धाच्या घरात असावे काय?

ह्या प्रश्नास हल्ली तीन उत्तरे मिळतात. एक म्हणतो, जाळून टाका. बाबासाहेबांनी महाडास मनुस्मृती जाळलीच ना! दुसरा म्हणतो, लपवून टाका. उद्या पोलीस दारात आले तर कोण सोडवील? तिसरा म्हणतो, पुस्तकच तर आहे. कागदाने कोणाचे काय वाकडे होते? तिन्ही उत्तरे चुकीची आहेत असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि ती का चुकीची आहेत ते आपण शांतपणे ऐकून घ्यावे अशी आमची विनंती आहे.

प्रथम जाळणाऱ्यांचा विचार करू. पुस्तक घरात आले म्हणून घर बाटले, ही कल्पना कोठून आली? ती आपली नव्हे. ती ज्यांनी आपल्या सावलीचा विटाळ मानला त्यांची आहे. गौतमाच्या धर्मसूत्राने वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसे व लाख ओतण्याची शिक्षा सांगितली. तेथेही समज हाच होता की, अमुक अक्षरे अमुक माणसापर्यंत पोहोचली की अनर्थ ओढवतो. माणसांवरचा विटाळ आपण झुगारून दिला. तो आता पुस्तकांवर बसवावयाचा काय? पवित्र ग्रंथ रेशमी फडक्यात गुंडाळून न वाचता पूजणे आणि अपवित्र ग्रंथ न वाचता चुलीत घालणे ह्या दोन्ही गोष्टींत बुद्धीला रजा दिलेली असते. देव्हारा उठला तरी देव्हाऱ्याची वृत्ती घरात राहिली, असेच तेव्हा म्हणावे लागेल.

तथागतांची रीत पाहा. दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात त्यांनी आपल्या काळच्या बासष्ट मतांची एकेक करून मांडणी केली आहे. ती मते त्यांस मान्य नव्हती. परंतु त्यांचा उच्चार करण्याने संघ बाटेल, असे त्यांस वाटले नाही. सामञ्ञफलसुत्तात पूरण कस्सप, मक्खलि गोसाल, अजित केसकंबली यांच्यासह सहा प्रतिस्पर्धी आचार्यांची मते नोंदलेली आहेत. त्यांपैकी कित्येकांचे स्वतःचे ग्रंथ काळाच्या उदरात गडप झाले. त्यांचे म्हणणे आज जगाला कळते ते बहुतांशी बौद्धांनी आणि जैनांनी ते जपून ठेवले म्हणून. विरोधकाचे मत जाळून नव्हे, तर ते नीट मांडून त्याचे खंडन करण्याची ही परंपरा आहे, आणि आपण तिचे वारस आहो.

आणखी एक दृष्टांत आपल्या कोकणच्या माणसास चटकन पटेल. अलगद्दूपमसुत्तात तथागत म्हणतात की, सापाला शेपटीकडून धरणारा डसला जातो आणि काठीने मान दाबून नीट धरणारा सुरक्षित राहतो. रत्नागिरीच्या कातळावर ज्याने फुरसे पाहिले आहे, त्यास ह्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, तथागतांनी हा दृष्टांत परक्यांच्या मतास लावलेला नाही. स्वतःच्याच धम्माच्या अध्ययनास लावला आहे. चुकीच्या रीतीने धरला तर धम्मसुद्धा डसतो, मग हिटलरच्या पुस्तकाचे काय सांगावे! तात्पर्य, सारा प्रश्न धरण्याच्या रीतीचा आहे.

आता महाडचा दाखला. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या परिषदेत मनुस्मृतीची होळी झाली, आणि तिचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे जन्माने ब्राह्मण होते. ही गोष्ट प्रत्येक बौद्ध मुलास ठाऊक असली पाहिजे. परंतु त्या होळीनंतर बाबासाहेबांनी मनुस्मृती वाचणे सोडले काय? मुळीच नाही. १९४६ साली प्रसिद्ध झालेला शूद्रांवरील ग्रंथ पाहा, १९४८ सालचा अस्पृश्यांवरील ग्रंथ पाहा; स्मृतिग्रंथांतील वचनांवर वचने त्यांत तपासलेली आढळतील. ज्या पुरुषाने दादरच्या हिंदू कॉलनीत हजारो ग्रंथांसाठी ‘राजगृह’ बांधले, त्याने शत्रूचा एकही ग्रंथ दाराबाहेर ठेवला नाही. महाडास जळाली ती मनुस्मृतीची सत्ता. विलायती कापडाची होळी करणाऱ्यास कापडाचा तिटकारा नसतो, त्यास परकी सत्ता नको असते. तसेच हे होते.

ह्याच्या शेजारी दुसरी होळी ठेवून पाहा. १० मे १९३३ रोजी बर्लिनच्या चौकात नाझी विद्यार्थ्यांनी हजारो पुस्तके जाळली. तेथे जाळणारे सत्तेच्या छायेत होते आणि ज्यांची पुस्तके जळत होती ते जीव मुठीत धरून पळत होते. ती पुस्तके कोणी वाचूच नयेत हा त्या होळीचा हेतू होता. महाडास मात्र ज्यांना तळ्याचे पाणी नाकारले गेले होते त्यांनी आपल्यावर लादलेला कायदा भर सभेत नाकारला. दोन्ही ठिकाणी अग्नी एकच होता म्हणून कृती एकच ठरत नाही. हिटलरचे पुस्तक घरच्या चुलीत गुपचूप घालणारा बाप महाडचा वारसा चालवीत नाही. तो केवळ भितो.

तेव्हा तिसऱ्याकडे वळू, जो म्हणतो की कागदाने काही होत नाही. गृहस्था, तुझे म्हणणे खरे असते तर बाबासाहेबांनी लेखणी हाती धरलीच नसती! पुस्तकाने होते, आणि हिटलरच्या पुस्तकाने काय झाले ते सांगितलेच पाहिजे. १९२३ साली म्यूनिक येथील बंड फसल्यावर त्याला तुरुंगात टाकण्यात आले. तेथे त्याने हे पुस्तक रचण्यास आरंभ केला. पहिला भाग १९२५ साली व दुसरा १९२६ साली निघाला. १९४५ पर्यंत त्याच्या सुमारे सव्वा कोटी प्रती खपल्या वा वाटल्या गेल्या. नाझी राजवटीत नवविवाहित जोडप्यांना नगरपालिकांकडून हे पुस्तक भेट दिले जाई. म्हणजे जर्मनीत ते घरोघर होते. परंतु किती घरांत ते शेवटच्या पानापर्यंत उलगडले गेले असेल? ज्यांनी ते वेळीच वाचून त्यातील द्वेष गंभीरपणे घेतला, त्यांस पुढे काय येणार ह्याची चाहूल लागली. ज्यांनी ते भक्तीने फळीवर मांडले, त्यांच्या देखत साठ लाख यहुदी स्त्री-पुरुष-बालके मारली गेली. ज्यांच्या भाषेत आजही भारतीय मूळ स्पष्ट दिसते, त्या रोमा लोकांचीही कत्तल झाली.

आपल्या मुलास हे सांगा, आणि पुढे आणखी सांगा. सप्टेंबर १९३५ मध्ये न्यूरेंबर्ग येथे जे कायदे झाले त्यांनी यहुद्यांचे नागरिकत्व काढून घेतले आणि यहुदी व जर्मन यांच्यातील विवाह गुन्हा ठरविला. रक्ताची शुद्धी, विवाहावर बंदी, वस्ती निराळी, अंगावर ओळखीची खूण. हे सारे वाचताना बौद्ध मुलाच्या मनात कोणता ग्रंथ उभा राहिला पाहिजे? प्रतिलोम विवाहाच्या संततीस चांडाळ ठरवून गावाबाहेर घालविणारी मनुस्मृतीच उभी राहिली पाहिजे. नीत्शे ह्या जर्मन तत्त्वज्ञाने मनूची वाखाणणी केली होती आणि नाझी आपले नाते नीत्शेशी जोडीत होते, हा धागा बाबासाहेबांनी हिंदू धर्माच्या तत्त्वज्ञानावरील आपल्या लिखाणात स्वतः उलगडून दाखविला आहे. शत्रूची पुस्तके दाराबाहेर ठेवणाऱ्यास हा धागा कधी सापडला असता काय?

आणि ज्या तरुणांस हिटलर हा इंग्रजांचा शत्रू म्हणून आपला मित्र वाटतो, त्यांनी तर हे पुस्तक अवश्य वाचावे. हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्यांची त्यात टर उडविलेली आहे, आणि हिंदुस्थान अन्य कोणाच्या हाती जाण्यापेक्षा इंग्रजांच्याच ताब्यात राहिलेला बरा, असे तो त्यात लिहितो. चहाच्या टपरीवर बसून “ह्या देशाला एक हिटलरच पाहिजे” असे म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी ते पान उघडले आहे?

आमच्या मते काळजीचे ठिकाण नेमके हेच आहे. पुस्तक फळीवर असल्याने काळजी करू नका. “एक हिटलरच पाहिजे” हे वाक्य मुलाच्या तोंडी आले तर मात्र काळजी करा. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी बजावले होते की, धर्मातील भक्ती कदाचित मोक्षाला नेत असेल, परंतु राजकारणातील भक्ती अधःपाताकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. हिटलरचे चित्र कौतुकाने भिंतीवर लागले, त्याच्या शिस्तीची वाहवा जेवताना होऊ लागली, अमुक जमात देशातून निपटून काढली पाहिजे अशी भाषा मुलगा बोलू लागला, तर समजावे की साप शेपटीकडून धरला गेला आहे. त्या वेळी पुस्तक हिसकावून घेऊ नका. ते त्याच्याबरोबर बसून वाचा. पंचशीलातील पहिले शील प्राणिमात्राची हिंसा न करण्याचे आहे. त्या शीलाची कसोटी लावून प्रत्येक पान त्याच्याकडूनच तपासून घ्या.

जर्मनांनीच पुढे काय केले तेही ऐका. युद्धानंतर ह्या पुस्तकाचे हक्क बव्हेरिया राज्याकडे होते आणि त्याने पुनर्मुद्रण होऊ दिले नाही. २०१५ अखेर ते हक्क संपले. तेव्हा म्यूनिक येथील इतिहास संशोधन संस्थेने जानेवारी २०१६ मध्ये सुमारे दोन हजार पृष्ठांची आवृत्ती काढली. तीत साडेतीन हजारांवर टीपा देऊन खोटेपणा जागच्या जागी उघडा केला. ज्या भूमीवर ते पाप घडले तेथील विद्वानांनी अखेर टीपांचा मार्ग धरला. आपल्या घरातील फळीवरही हिटलरच्या पुस्तकाशेजारी अ‍ॅन फ्रँकची रोजनिशी ठेवा. त्या कोवळ्या मुलीच्या पानांनी जे समजते ते बापाच्या शंभर धमक्यांनी समजणार नाही.

राहिला दुसरा, पोलिसांना भिणारा. त्याची भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. पुस्तकावरून माणसाचा गुन्हा ठरविण्याची चाल ह्या देशात जुनी आहे, आणि तिची एक कथा रत्नागिरीच्याच सुपुत्राची आहे. १९०८ साली बाळ गंगाधर टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. पुण्यात झडती झाली तेव्हा एक पोस्टकार्ड सापडले. त्यावर स्फोटक द्रव्यांविषयीच्या दोन पुस्तकांची नावे होती. पुस्तकेसुद्धा नव्हेत, नुसती नावे! स्फोटकांच्या कायद्यावर टीका करावयाची म्हणून ती टिपली, असा खुलासा टिळकांनी केला. तरी ते कार्ड पुरावा म्हणून पुढे मांडले गेले. ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांस दोषी ठरविले आणि सहा वर्षांसाठी मंडालेस धाडले. टिळक आमच्या पक्षाचे नव्हते. १९२० साली ‘मूकनायका’ची जाहिरात पैसे देऊनही ज्या ‘केसरी’ने छापली नाही, त्याचे ते संस्थापक. तथापि त्या कार्डाच्या बाबतीत अन्याय झाला असे आम्ही म्हणतो; कारण न्यायाची मोजपट्टी माणूस पाहून बदलली तर उद्या ती आपल्याच पाठीवर मोडेल.

दुसरी कथा सावरकरांची. ज्यांस सरकारने १९२४ ते १९३७ रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध ठेवले, त्यांच्या १८५७ च्या इतिहासावर इंग्रजांनी १९०९ साली प्रसिद्धीपूर्वीच बंदी घातली. ती १९४६ साली उठली. इतकी वर्षे ते पुस्तक चोरून छापले गेले, चोरून वाचले गेले. ह्याच लेखकाने पुढे १९६३ साली ‘सहा सोनेरी पाने’ लिहून बौद्धांवर कडवट टीका केली. त्या पुस्तकावर बंदी मागावी काय? छे! ते विकत घ्या, वाचा आणि पानोपान उत्तर द्या. ज्यास उत्तर देता येते त्यास बंदीची गरज पडत नाही.

आजच्या काळाकडे या. ‘विद्रोही’चे संपादक सुधीर ढवळे यांना २ जानेवारी २०११ रोजी वर्धा येथे अटक झाली, घरची पुस्तके पोलिसांनी नेली, आणि २०१४ साली न्यायालयाने त्यांस निर्दोष सोडले तोवर त्यांची तीन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात गेली होती. एप्रिल २०११ मध्ये डॉ. विनायक सेन यांना जामीन देताना सर्वोच्च न्यायालयाने विचारले की, घरात गांधींचे आत्मचरित्र सापडले म्हणून कोणी गांधीवादी ठरतो काय? तद्वतच नक्षलवादी साहित्य सापडले म्हणून राजद्रोह सिद्ध होत नाही. २८ जुलै २०२३ रोजी व्हर्नन गोन्साल्विस व अरुण फरेरा यांच्या जामिनाच्या निकालात त्याच न्यायालयाने सांगितले की, हिंसेचा पुरस्कार करणारे साहित्य नुसते जवळ बाळगणे हे आपोआप दहशतवादी कृत्य ठरत नाही. परंतु हे शब्द ऐकण्यापूर्वी त्या दोघांची जवळजवळ पाच वर्षे तुरुंगात गेली, हेही विसरू नका. न्याय कागदावर आपल्या बाजूस आहे. तो दारापर्यंत येण्यास फार उशीर लावतो.

म्हणून भिऊ नका, पण गाफीलही राहू नका. हिटलरचे पुस्तक उघड दुकानात विकत मिळते. ते घरात ठेवणे गुन्हा नाही. सरकारला एखादे पुस्तक जप्तीस पात्र ठरवावयाचे असल्यास कारणे देऊन अधिसूचना काढावी लागते आणि तिच्याविरुद्ध उच्च न्यायालयात जाता येते. पुस्तक घेताना पावती ठेवा, आत आपले नाव व तारीख लिहा. लपविलेली वस्तू संशयास जन्म देते. झडतीस कोणी आले तर पंच हजर आहेत काय ते पाहा, जप्त वस्तूंच्या यादीची प्रत मागा, कोऱ्या कागदावर सही करू नका. २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या संहितेनुसार झडतीचे ध्वनिचित्रमुद्रण होणे आवश्यक आहे; त्याचा आग्रह धरा. गावातील आपल्या शाखेस आणि ओळखीच्या वकिलास तत्काळ कळवा. मुंबईला चाकरीस असलेल्या भावास हे सारे ठाऊक असते. गावी राहिलेल्या आईबापांसही ते ठाऊक असू द्या.

अखेरीस एक गोष्ट त्या सर्वांस विचारतो, जे “घातक पुस्तके घरात नकोत” असे म्हणतात. घातक कोणते हे ठरविणार कोण? १९३६ साली लाहोरच्या जातपाततोडक मंडळास बाबासाहेबांचे भाषण घातक वाटले आणि परिषदच रद्द झाली. बाबासाहेबांनी ते स्वखर्चाने छापले. १९८७ साली राज्य सरकारने बाबासाहेबांच्या लिखाणाचा चौथा खंड काढला, त्यातील राम-कृष्णांविषयीच्या प्रकरणावरून गदारोळ उठला, त्या खंडाच्या प्रती जाळल्या गेल्या आणि तो मागे घेण्याची मागणी झाली. फेब्रुवारी १९८८ मध्ये लाखो बौद्ध व दलित मुंबईच्या रस्त्यावर उतरले तेव्हा कोठे ते पुस्तक वाचले. पुस्तकांना विटाळ लावण्याचा कायदा एकदा मान्य केला की त्याच्या यादीत पहिले नाव कोणाचे येईल हे निराळे सांगावयास नको. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्या बावीस प्रतिज्ञा बाबासाहेबांनी दिल्या त्यांत देवदेवतांस मानणार नाही, पूजणार नाही असे आहे. अमुक पुस्तक वाचणार नाही अशी एकही प्रतिज्ञा नाही. मानणे, पूजणे आणि वाचणे ह्यांतील अंतर ज्यास कळले, त्यास बावीस प्रतिज्ञांचा मथितार्थ कळला.

रत्नागिरीच्या बौद्धांनी थिबा राजवाड्यावरून जाताना एक गोष्ट आठवावी. १८८५ साली राज्य गमावून इंग्रजांच्या कैदेत आलेला तो बौद्ध राजा रत्नागिरीतच १९१६ साली मरण पावला. त्याचे सिंहासन गेले, तिजोरी गेली. परंतु त्याचे वडील मिंडॉन यांनी मंडालेस संपूर्ण त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरविले होते. त्या शिळा आजही उभ्या आहेत. कोणाचा ग्रंथ जाळून त्यांनी धम्म राखला नाही. आपला धम्म वाचता येईल, तपासता येईल असा सर्वांपुढे उभा करून त्यांनी तो राखला.

तेव्हा बंधूंनो आणि भगिनींनो, मुलाने हिटलरचे पुस्तक आणले तर त्याला मारू नका, पुस्तक चुलीत घालू नका, गादीखाली लपवू नका. पुढच्या पौर्णिमेस वंदना झाल्यावर ते विहारात घेऊन या. एकाने वाचावे, दुसऱ्याने मनुस्मृतीतील तसाच नियम काढून दाखवावा, तिसऱ्याने संविधानाचे चौदावे, पंधरावे व सतरावे कलम वाचावे, आणि मग मुलांना बोलू द्यावे. आईबहिणींनीही त्यात भाग घ्यावा. त्यांना न विचारता घरातील फळीवर काय असावे हे ठरू नये. ती सभा उठेल तेव्हा ते पुस्तक कोणाच्याही घरात निर्धास्तपणे ठेवता येईल.

जय भीम!